मास्क दुकानातून, कॉम्प्युटर ऑनलाइन, आणि रेग्युलेटर? स्कूबाची साधने कुठून घ्यावीत

तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिली डुबकी मारून आलेल्या माणसाने लगेच साधने विकत घेण्याचे काहीच कारण नाही, कारण पर्यटकांच्या त्या डुबकीच्या शुल्कात सगळी साधने धरलेलीच असतात. खरेदीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर आणि मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी, अंदमानातील स्वराज द्वीप किंवा लक्षद्वीप येथे दरवर्षी जाण्याचा बेत पक्का झाल्यावर. अशा वेळी दुकानदाराने सांगितलेला आकडा आणि मोबाइलवर दिसणारा आकडा शेजारी ठेवून निर्णय घेतला जातो. ही तुलना अपुरी आहे. प्रत्येक साधनाबाबत दोन प्रश्न विचारावेत: ते अंगाला नीट बसते की नाही हे घालून पाहिल्याशिवाय कळेल का, आणि पुढच्या वर्षी त्याची तपासणी करायची वेळ आली की ते कोणाच्या हाती देता येईल? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून खरेदीची जागा ठरते, आणि ती प्रत्येक साधनासाठी वेगळी निघते.

आधी आपल्याकडची परिस्थिती लक्षात घ्यावी. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला जवळच्या शहरात डाइव्ह शॉप सापडते. तिथे सिलिंडर भरून मिळतो, रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवेचा दाब कमी करून ती तोंडापर्यंत पोहोचवणारे साधन) उघडून दुरुस्त होतो आणि अनेकदा सरावासाठी तलावाचीही सोय असते. महाराष्ट्रात असे परिपूर्ण दुकान क्वचितच भेटते. इथे स्थानिक खरेदी म्हणजे एखाद्या कंपनीचा भारतातील आयातदार वा विक्रेता, आपल्याला शिकवणारे आणि मागणीनुसार माल आणून देणारे डाइव्ह सेंटर, किंवा डेकॅथलॉनसारखे खेळसाहित्याचे मोठे दुकान, जिथे मास्क, स्नॉर्केल (पृष्ठभागावर श्वास घेण्याची नळी) आणि फिन्स (पावलांत घालायचे पंख) प्रत्यक्ष हाताळता येतात. निवड कमी आणि वाट पाहणे जास्त, हा या मार्गाचा दोष आहे. मात्र डाइव्ह सेंटरच्या प्रशिक्षकाने आपल्याला पाण्यात पाहिलेले असते, आणि ही माहिती कोणत्याही संकेतस्थळाकडे नसते.

पहिली पायरी: खरेदीचा क्रम ठरवणे

सगळा संच एकदम घेऊ नये. प्रथम मास्क घ्यावा, नंतर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून सुरक्षित मर्यादा दाखवणारे मनगटी यंत्र), त्यानंतर फिन्स व वेटसूट (ऊब टिकवणारा फेसाळ रबराचा घट्ट पोशाख), मग रेग्युलेटर आणि सर्वांत शेवटी बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगण्यावर नियंत्रण ठेवणारे जाकीट. हा क्रम स्वस्त ते महाग असा नाही. भाड्याच्या वस्तूमुळे सर्वाधिक गैरसोय जिथे होते तिथून तो सुरू होतो. भाड्याचा बीसीडी थोडा सैल असला तरी डुबकी पार पडते, पण गळका मास्क सगळी डुबकी वाया घालवतो.

सिलिंडर आणि पाण्यात खाली जाण्यासाठी अंगावर बांधायची शिशाची वजने विकत घेण्याचा विचार सोडून द्यावा. ती प्रत्येक डाइव्ह सेंटरवर मिळतात. शिवाय सिलिंडर हे उच्च दाबाचे पात्र असल्याने भारतात त्याला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात, त्याची आयात पेसो या केंद्रीय यंत्रणेच्या मंजुरीशिवाय करता येत नाही आणि ठरावीक मुदतीने त्याची दाबचाचणी करावी लागते. हौशी माणसाने या फंदात पडू नये.

दुसरी पायरी: मास्क, आणि तो मात्र समोरासमोर

मास्कची किंमत इतर साधनांच्या मानाने किरकोळ असते. म्हणून तो ऑनलाइन मागवण्याचा मोह सर्वाधिक होतो आणि नेमका तोच घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. चांगल्या मास्कला टेम्पर्ड काच आणि मऊ सिलिकॉनची कड असते, हे कोणत्याही वर्णनात वाचायला मिळेल. ती कड आपल्या गालाच्या हाडावर आणि नाकाखाली टेकते की नाही, हे वर्णनातून कळत नाही.

दुकानात चाचणी अशी करावी. मास्कचा पट्टा डोक्यामागे न अडकवता मान वर करावी आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवावा. कडेला कुठे फट दिसते का, हे सोबतच्या माणसाला पाहायला सांगावे. नंतर नाकाने हलका श्वास आत घेऊन हात सोडावा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. जोराने श्वास ओढला तर न बसणारा मास्कही काही क्षण चिकटतो, त्यामुळे श्वास हलकाच असावा. यानंतर तोंडात स्नॉर्केल किंवा रेग्युलेटरचे माउथपीस धरून हीच चाचणी पुन्हा करावी, कारण तोंड उघडल्यावर गालांचा आकार बदलतो आणि बरेचसे मास्क याच टप्प्यावर नापास होतात. शेवटी बाहेरून नाक चिमटीत पकडता येते का आणि कपाळावर किंवा नाकाच्या मुळाशी टोचते का, हे पाहावे.

मिशा असलेल्यांनी ही चाचणी मिशांसहच करावी. नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी साफ केली तर गळती पुष्कळ कमी होते. ज्यांना ते मानवत नाही त्यांनी सिलिकॉन ग्रीस लावून काम भागवावे आणि मास्कमध्ये थोडे पाणी येणार हे गृहीत धरावे.

चष्मा असलेल्यांनी दोन वेगळ्या काचांचा मास्क निवडावा. काही मॉडेलसाठी अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या टप्प्याने तयार काचा मिळतात व त्या डाव्या-उजव्या डोळ्यासाठी स्वतंत्र बसवता येतात. मास्क दुकानातून पसंत करून त्याच मॉडेलच्या नंबरच्या काचा नंतर ऑनलाइन मागवणे हा उत्तम मार्ग आहे.

पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केलिंगचे मास्क स्कूबासाठी नसतात. त्यांत रेग्युलेटर तोंडात धरता येत नाही आणि बहुतेकांत कानांवरचा दाब सारखा करण्यासाठी नाक दाबता येत नाही.

तिसरी पायरी: फिन्स आणि वेटसूट

फिन्सचे दोन प्रकार आहेत. पूर्ण पावलाचे फिन्स अनवाणी घालतात. होडीवरून उतरायचे असेल आणि पाणी कोमट असेल तर ते पुरेसे ठरतात. टाच उघडी असलेल्या फिन्ससोबत निओप्रीन या फेसाळ रबराचे बूट लागतात आणि खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचे असेल तर तेच सोयीचे. दुसरा प्रकार घेताना बूट आणि फिन्स एकाच वेळी, एकमेकांत घालून पाहूनच घ्यावेत. इथे वजनाचाही विचार करावा: देशांतर्गत विमानात नोंदणीच्या सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते, आणि सिलिंडर व वजने सोडून उरलेला संच सहज दहा-बारा किलो भरतो. जड रबरी फिन्स पाण्यात कितीही छान वाटले तरी अंदमानच्या प्रवासात ते कपड्यांची जागा खातात.

आपल्याकडच्या २६ ते ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट बहुतेकांना पुरतो. जेलीफिश आणि प्रवाळाचे ओरखडे टाळण्यासाठी आखूड सूटपेक्षा पूर्ण अंगाचा बरा. तो कोरड्या अंगावर घट्टच वाटला पाहिजे, पण श्वास कोंडता कामा नये; कंबरेच्या खोलगट भागात आणि काखेत पोकळी राहिली तर तिथे पाणी खेळत राहते आणि थंडी वाजते. युरोपीय कंपन्या ४८, ५०, ५२ असे आकडे वापरतात, तर इतर अनेक कंपन्या अक्षरी मापे देतात, आणि दोन कंपन्यांचे ‘लार्ज’ एकसारखे असतीलच असे नाही. त्यामुळे ऑनलाइन मागवायचाच असेल तर त्या कंपनीच्या तक्त्याशी छाती, कंबर, नितंब, उंची आणि वजन ही पाचही मापे ताडून पाहावीत, आणि माप बदलून देण्याची अट लेखी नसेल तर मागवू नये.

चौथी पायरी: कॉम्प्युटर

हे साधन ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. मनगटावरचा पट्टा कोणालाही बसतो, आणि तपशील कागदावर तुलना करण्याजोगे असतात: अंक मोठे व स्पष्ट आहेत का, नायट्रॉक्ससाठी (नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेसाठी) सोय आहे का, बॅटरी घरी बदलता येते की कंपनीकडे पाठवावी लागते, चार्जिंगची असेल तर चार्जर कोणता. सुंटो झूप नोव्होसारख्या साध्या कॉम्प्युटरला सीआर २४५० हा बाजारात मिळणारा सेल चालतो; शीअरवॉटर पेरेग्रिनसारखे रंगीत पडद्याचे कॉम्प्युटर चार्ज करावे लागतात. वर्षातून दोनदा डुबक्या मारणाऱ्याला बदलता येणारा सेल अधिक सोयीचा, असे माझे मत आहे. वॉरंटी भारतात लागू आहे की फक्त विक्रीच्या देशात, हे मात्र पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: रेग्युलेटर

इथे घाई अजिबात नको. रेग्युलेटरचा पहिला टप्पा सिलिंडरमधील सुमारे २०० बारचा दाब (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब) नऊ-दहा बारच्या आसपास आणतो आणि तोंडातला दुसरा टप्पा तो भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करून देतो. आतले सील आणि बैठका झिजतात, म्हणून अनेक उत्पादक दरवर्षी तपासणी आणि एक-दोन वर्षांनी किंवा सुमारे शंभर डुबक्यांनी संपूर्ण सर्व्हिसिंग सांगतात. त्यासाठी लागणारे सुट्या भागांचे किट बहुतेक कंपन्या केवळ अधिकृत तंत्रज्ञांनाच देतात. म्हणजे रेग्युलेटर घेताना आपण एक यंत्र आणि त्यामागची पुढच्या दहा वर्षांची दुरुस्तीची वाट, अशा दोन्ही गोष्टी विकत घेत असतो.

म्हणून मॉडेल निवडण्याआधी तंत्रज्ञ निवडावा. ज्या डाइव्ह सेंटरवर आपण वारंवार जातो तिथे स्पष्ट विचारावे: तुम्ही कोणत्या कंपन्यांचे रेग्युलेटर उघडता? त्यांचे किट तुमच्याकडे असते की मागवावे लागते, आणि मागवल्यास किती दिवस लागतात? काम इथेच होते की दुसऱ्या शहरात पाठवता? उत्तरात ज्या दोन-तीन कंपन्यांची नावे येतील, त्यांच्यातूनच निवड करावी. परदेशी संकेतस्थळावर निम्म्या किमतीत दिसणाऱ्या रेग्युलेटरचे किट भारतात कोणाकडेच नसेल, तर तो दोन वर्षांनी कपाटात पडून राहतो.

यानंतर जोडणी पाहावी. योक प्रकारात रेग्युलेटर सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बाहेरून पकडीने आवळला जातो आणि तो २३२ बारपर्यंतच्या दाबासाठी असतो. डिन प्रकारात तो व्हॉल्व्हच्या आत आटे फिरवून बसतो आणि त्याची ३०० बारची आवृत्तीही असते. अमेरिकी संकेतस्थळांवर बहुधा योक, तर युरोपीय संकेतस्थळांवर बहुधा डिन दाखवलेला असतो, आणि घाईत मागवणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. डिनवर अडॅप्टर लावून तो योकच्या व्हॉल्व्हवर चालवता येतो, पण मग पहिला टप्पा डोक्याच्या दिशेने थोडा पुढे येतो. आपण जिथे जातो तिथले व्हॉल्व्ह कोणते, हे एका फोनवर कळते.

दाबमापकाचे एककही तपासावे. आपल्याकडील प्रशिक्षणात आणि होडीवरच्या बोलण्यात दाब बारमध्ये सांगतात. अमेरिकेतून आलेल्या मापकावर तो पीएसआयमध्ये असतो. मार्गदर्शकाने पाण्याखाली हाताने खूण करून हवा विचारली असता ३००० पैकी ११०० म्हणजे किती बार, याचा हिशेब करत बसण्याची वेळ येऊ नये.

युरोपीय मानकाचे चिन्ह ‘ईएन २५०ए’ असे असेल तर एकाच पहिल्या टप्प्यावर दोघांनी एकाच वेळी श्वास घेण्याच्या परिस्थितीत तो संच तपासलेला आहे, असा अर्थ होतो. ऑक्टोपस, म्हणजे अडचणीत जोडीदाराला देण्यासाठीचा जादा दुसरा टप्पा, वापरण्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे. त्यापुढे ‘१० अंशांपेक्षा अधिक’ अशी खूण असली तर तो अतिथंड पाण्यासाठी नाही. आपल्या समुद्रात ती अडचण नसल्यामुळे थंड पाण्याच्या महाग मॉडेलसाठी जादा पैसे मोजू नयेत. उलट मालवणच्या गढूळ, वाळूमिश्रित पाण्यात स्प्रिंगची जागा बाहेरच्या पाण्यापासून बंद ठेवणारा डायफ्रॅम (लवचीक पडद्याच्या) प्रकारचा पहिला टप्पा उपयोगी पडतो, आणि वाढीव पैसे द्यायचे तर ते तिथे द्यावेत.

किमतींची तुलना करताना एक फसगत नेहमी होते. ऑनलाइन दिसणारा आकडा बऱ्याचदा फक्त पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचा असतो. ऑक्टोपस, दाबमापक आणि बीसीडीकडे जाणारी नळी वेगळी घ्यावी लागते. दुकानदाराची किंमत पूर्ण संचाची, जोडून आणि तपासून दिलेली असू शकते. दोन्हीकडे तेच पाच भाग मोजल्यावरच फरक किती हे कळते. आणखी एक अडचण म्हणजे अधिकृत साखळीबाहेरून आलेला माल. तो खरा असतो, स्वस्तही असतो, परंतु उत्पादकाची वॉरंटी आणि सर्व्हिसिंगच्या वेळी सुटे भाग मोफत देण्याची सवलत साधारणपणे अधिकृत विक्रेत्याकडून घेणाऱ्या पहिल्या ग्राहकालाच मिळते.

बीसीडीबाबत थोडक्यात इतकेच की तो भरलेल्या सिलिंडरसह आणि वेटसूट घालून अंगावर चढवून पाहावा. आपल्या मापाचा भाड्याचा बीसीडी ज्या कंपनीचा सोयीचा वाटला, त्याच कंपनीचा तोच प्रकार पुढे ऑनलाइन घेतला तरी चालतो.

सहावी पायरी: परदेशातून मागवताना घरपोच किंमत काढणे

संकेतस्थळावरची किंमत ही केवळ सुरुवात असते. तिच्यात वाहतूक व विमा मिळवावा. त्या बेरजेवर सीमाशुल्क व अधिभार, आणि त्या सगळ्यावर एकात्मिक जीएसटी लागतो. कुरिअर कंपनी सीमाशुल्काची प्रक्रिया करून देण्याचे वेगळे शुल्क घेते आणि माल सोडवण्यासाठी ओळखीची कागदपत्रे मागते. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकारही पडतो, जो अनेक कार्डांवर २ ते ३.५ टक्क्यांच्या घरात असतो. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने ते त्या दिवशीच पाहून हिशेब मांडावा. माल परत पाठवावा लागला तर भरलेले शुल्क सहजी परत मिळत नाही. म्हणून मापाच्या वस्तू परदेशातून मागवणे सर्वांत धोक्याचे.

थायलंड किंवा सिंगापूरला डुबक्यांसाठी जाणाऱ्यांना तिथल्या दुकानातून खरेदी करणे हा मधला मार्ग आहे. वस्तू घालून पाहता येते आणि निवड भरपूर असते. थायलंडमध्ये ७ टक्के मूल्यवर्धित कर असून पर्यटकांना तो परत मिळण्याची योजना आहे. त्यासाठी खरेदीच्या वेळीच पारपत्र दाखवून दुकानदाराकडून अर्ज भरून घ्यावा लागतो आणि विमानतळावर सामान जमा करण्याआधी वस्तू व अर्ज दाखवावे लागतात. भारतात परतताना शुल्कमुक्त सामानाच्या मर्यादेत ही खरेदी बसते का, हे आधी तपासावे. पावती हाताशी असावी. टॉर्चचे सुटे लिथियम सेल हातातल्या सामानात आणि सुरी नोंदणीच्या सामानात ठेवावी.

भारतीय संकेतस्थळावरून घेताना खोक्यावरील छापील मजकूर वाचावा. कायदेशीररीत्या आयात झालेल्या वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. हा कागद चिकटवलेलाच नसेल तर विक्रेत्याला कारण विचारावे. वस्तूचा मूळ देश, परताव्याच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव विक्रीच्या पानावर देणे ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि तंटा झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

अर्धा लिटरच्या छोट्या सिलिंडरच्या जाहिरातींपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. हातपंपाने भरता येणारा आणि प्रशिक्षणाशिवाय वापरता येणारा म्हणून तो विकला जातो. २०० बारला त्यात सुमारे १०० लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणाऱ्याला ती पृष्ठभागावर पाच-सहा मिनिटे आणि १० मीटर खोलीवर त्याच्या निम्मीच पुरते. दाबाखालची हवा घेतल्यानंतर श्वास रोखून वर आले तर दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि हे त्या जाहिरातीत कुठेही लिहिलेले नसते.

सातवी पायरी: विक्रेत्याशी व्यवहार

दुकानात तासभर मास्क आणि बीसीडी घालून पाहायचे आणि घरी येऊन तेच ऑनलाइन मागवायचे, हा प्रकार मला गैर वाटतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो तोट्याचा आहे, कारण पुढे सर्व्हिसिंगसाठी त्याच माणसाकडे जावे लागते. त्यापेक्षा ऑनलाइनचा घरपोच हिशेब त्याच्यासमोर मोकळेपणाने ठेवावा. तो तितकी किंमत कमी करू शकणार नाही, पण पहिल्या वर्षाची तपासणी, नळ्यांची लांबी बदलून देणे किंवा तलावातील चाचणी यांपैकी काही तरी त्याच पैशांत देऊ शकतो. दुकानातल्या मालाचे वयही पाहावे. अनेक नळ्यांवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. दमट गोदामात तीन-चार वर्षे पडलेला रेग्युलेटर ‘नवा’ असला तरी सर्व्हिसिंग करूनच घ्यावा आणि तो खर्च विक्रेत्याने सोसावा असे सुचवावे.

वापरलेली साधने घेताना फिन्स, वजनपट्टा किंवा कॉम्प्युटर निर्धास्तपणे घ्यावेत, मात्र कॉम्प्युटरचा अनुक्रमांक कंपनीने परत मागवलेल्या यादीत नाही याची खात्री करावी. वापरलेल्या रेग्युलेटरच्या किमतीत संपूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च मिळवूनच सौदा ठरवावा.

आठवी पायरी: वस्तू हाती आल्यावर

खोके उघडताना चित्रण करून ठेवावे. तुटका माल आल्यास तेवढाच पुरावा उपयोगी पडतो. अनुक्रमांक पावतीशी जुळवून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवावा. रेग्युलेटरची प्राथमिक चाचणी सिलिंडरशिवायही होते: पहिल्या टप्प्याचे तोंड घट्ट बंद करून दुसऱ्या टप्प्यातून श्वास ओढावा, हवा येत राहिली तर कुठे तरी गळती आहे. ही चाचणी खऱ्या दाबाखालच्या चाचणीची जागा घेत नाही. नव्या मास्कच्या काचेवर आतून उत्पादनाच्या वेळचा पातळ थर असतो, त्यामुळे तो धुक्याने भरतो; साध्या टूथपेस्टने काच दोन-तीनदा चोळून धुवावी, मात्र काचेवर धुकेरोधक लेप असल्यास हा उपाय करू नये.

नवे साधन थेट समुद्रात नेऊ नये. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जलतरण तलावात निदान एकदा वापरावे, आणि नव्या वेटसूटसाठी किती शिसे लागते हेही तिथेच पाहून ठेवावे. समुद्रात हे प्रमाण थोडे वाढते. ही चाचणी परताव्याच्या मुदतीत बसली पाहिजे, आणि ऑनलाइन विक्रेत्यांची ही मुदत अनेकदा आठ-दहा दिवसांचीच असते. आपला पश्चिम किनारा पावसाळ्यात बंद राहतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास मोसम सुरू होतो. म्हणून ऑगस्टमध्ये तलावाची वेळ आधी ठरवावी आणि मागणी त्यानंतर नोंदवावी.